गवंड्याचा अंगठा

१

गवंडी गेला, पण त्याच्या संमतीपत्रात एकही चूक सापडली नाही. तेवढ्यावरूनच मला संशय यायला हवा होता. पण त्या दिवशी बैठक लांबली होती, चहा गार झाला होता आणि मी नुसतीच वैतागले होते.

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर आधी एका समितीची परवानगी लागते. आमच्या हॉस्पिटलच्या समितीत डॉक्टर तीन, वकील एक आणि सामान्य माणूस एक. तो सामान्य माणूस म्हणजे मी, बाई असले तरी. तीस वर्षं मी इस्त्री, मिक्सर आणि पाण्याचे हीटर यांच्या खोक्यात येणारी माहितीपत्रकं लिहिली. ओल्या हातांनी बटण दाबू नका, हे लोकांच्या डोक्यात कसं शिरवायचं यात माझं अर्धं आयुष्य गेलं. म्हणूनच चाचणीची संमतीपत्रं सोपी करायचं काम समितीनं माझ्या गळ्यात मारलं.

या चाचणीतली गोळी होती रक्त पातळ करणारी. तिचं जुनं संमतीपत्र एकोणीस पानांचं. चौदाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, एक वाक्य होतं: ‘वेदनाशामक व दाहशामक द्रव्यांचे सहवर्ती सेवन वर्ज्य समजण्यात यावे.’ मी त्याची चार पानं केली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘ही गोळी चालू असताना दुखण्यावरची गोळी घेऊ नका. पोटात रक्त वाहून जीव जाऊ शकतो.’ शेजारी गोळ्यांच्या पाकिटाचं चित्र, त्यावर फुली. आणि शेवटी एक रिकामी चौकट: ‘आता तुमच्या शब्दांत सांगा.’ माणसाला काय कळलं ते त्यानं सांगायचं आणि समुपदेशिकेनं जसंच्या तसं लिहायचं.

चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांनी गवंड्याचं पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. डॉक्टर हसतमुख माणूस. शिकत असताना स्वतःच्याच अंगठ्याला घातलेले तीन टाके ते प्रत्येक नव्या सदस्याला दाखवतात. “माझा पहिला पेशंट मीच!” आज मात्र हसत नव्हते.

चौकटीत लिहिलं होतं: ‘ही गोळी रक्त पातळ करते. ती चालू असताना दुखण्यावरची कोणतीही गोळी मी घेणार नाही, कारण पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळं झाल्यास लगेच कळवीन. चाचणी मी केव्हाही सोडू शकतो.’ खाली सहा तारीख. तिच्याखाली निळा अंगठा, रेघ न् रेघ मोजता येईल असा, मधून एक आडवी पांढरी रेषा, कागदाला घडी पडल्यासारखी.

“सगळं कळलं होतं त्याला,” डॉक्टर म्हणाले. “तरी गुडघा दुखतो म्हणून चार दिवस गोळ्या घेतल्या. चोवीस तारखेला पोटातल्या रक्तस्रावानं गेला. आपण सांगायचं काम केलं होतं.”

समितीनं मान डोलावली. मीही डोलावली, हे लपवून काय करू?

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. गवंड्याची बायको. मला बघून उठली.

“कागद बघणाऱ्या ताई तुम्हीच का? मला काही मागायचं नाही. एवढंच सांगा, यांना सांगितलं होतं का, ती गोळी घेऊ नका म्हणून?”

“कागदावर तरी तसं आहे.”

ती खाली बसली.

“मग माझी पोर काही जगत नाही, ताई. गोळी तिनंच दिली त्यांना. चार दिवस, स्वतःच्या हातानं.”

२

मी त्यांच्या घरी गेले. समितीच्या सदस्यानं असं जायचं नसतं, पण मला राहवलं नाही.

दोन खोल्या. फरशी गवंड्यानं स्वतः बसवलेली, वेगवेगळ्या बांधकामांवर उरलेल्या तुकड्यांची. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता, पण सांधे इतके सरळ की पट्टी लावावी. भिंतीशी सोळा वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाप तिला ‘मुकादम’ म्हणायचा, कारण घरात हुकूम तिचा चालायचा. तिच्या डोक्यावर भिंतीवर पेन्सिलीनं वेळापत्रक काढलेलं होतं: सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, पाणी, चालणं. शेवटची ओळ नखांनी खरवडलेली. खालचा गिलावा निघाला होता, तरी ‘गुडघा’ हा शब्द वाचता येत होता.

“बारा दिवस झाले, दूध सोडून काही घेत नाही,” आई म्हणाली. “म्हणते, बाबांना माहीत होतं, पण मी आग्रह केला म्हणून ते नाही म्हणाले नाहीत. आणि ते तसेच होते हो. हिनं विष दिलं असतं तरी ‘आण, मुकादम’ म्हणाले असते.”

“तुला त्यांनी कधी सांगितलं होतं का, ही गोळी चालत नाही म्हणून?” मी मुलीला विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, “मी पुढं वाचायला हवं होतं.”

“काय वाचायला?”

उत्तर आईनं दिलं. “हॉस्पिटलातून कागदांचा गठ्ठा दिला होता ना त्यांना, हा एवढा.” तिनं अंगठा आणि बोट लांब करून जाडी दाखवली. “हिनं तीन पानं वाचली. काही कळेना, म्हणून ठेवून दिला.”

“कुठे आहे तो?”

“हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातली ती ताई आली होती, समजावून सांगणारी. खूप रडली. जाताना कागद मागून घेऊन गेली.”

निघताना मी फोन नंबर मागितला. तिनं नवऱ्याचा जुना फोन पुढे केला. “हा नंबर माझ्याच नावावर आहे. नवीन सिम घ्यायला गेले, तर यंत्रावर त्यांचा अंगठाच उमटेना. सिमेंटनं खाल्लेला सगळा. तीनदा पुसून लावला. दुकानदार म्हणाला, मामा, तुम्हाला अंगठाच नाही! घरी येऊन किती हसले होते.”

जिन्यात मी कठडा धरून उभी राहिले. चार पानांचा गठ्ठा होत नाही. आणि ज्याला अंगठाच नव्हता, त्या माणसाच्या अंगठ्याची रेघ न् रेघ मी परवा माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

३

हॉस्पिटलचं स्टोअर तळघरात आहे. तिथला स्टोअरकीपर एवढा शिस्तीचा, की पेन्सिल मागायला गेलं तर आधी जुनीचं थोटूक दाखवावं लागतं.

“माझी नवी संमतीपत्रं कधी आली?”

“दोन तारखेला, मॅडम. पाच गठ्ठे.”

“मग सहा तारखेला वॉर्डात कोणती होती?”

“जुनी!” माझ्या अज्ञानाचं त्याला नवल वाटलं. “जुनी शिल्लक होती ना. जुनं संपल्याशिवाय नवं सोडायचं नाही. बावीस वर्षांत नियम मोडलेला नाही मी.”

“अहो, जुनी कुणाला कळत नव्हती, म्हणून तर नवी केली!”

“ते मला कुणी सांगितलं?” तो म्हणाला. “माझ्याकडे चिठ्ठी आली ती ‘छापील कागद, पाच गठ्ठे’ एवढीच.”

त्याला मीच सांगायला हवं होतं. मंजुरीवर सही केली, लोकांनी कौतुक केलं आणि मी घरी गेले. तीस वर्षं माहितीपत्रक खोक्यात टाकून मोकळी होत आले, तशीच याही वेळी मोकळी झाले. नवी पानं वॉर्डात पोचली का, हे एका फोनवर कळलं असतं. माझी मलाच लाज वाटली.

“अजून एकही उघडला नाही?”

“एक उघडला.” त्यानं रजिस्टर फिरवलं. “पंचवीस तारखेला. एकच प्रत गेली. तेवढा एकदाच नियम मोडला. बाईंचे डोळे सुजलेले होते, म्हणून मी अडवलं नाही.” मग तो थांबला. माझ्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असावं. “मॅडम, काय झालंय? कुणाला काही झालंय का?”

गवंडी चोवीस तारखेला गेला. म्हणजे सहा तारखेचा म्हणून आम्हाला दाखवलेला कागद तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी या तळघरातून बाहेर पडला होता. रजिस्टरात सही होती समुपदेशिकेची. चौकट कशी भरायची हे त्या मुलीला मी स्वतः शिकवलं होतं.

४

“या, सामान्य माणूस!” डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली.

मी कागदाचं काही बोलले नाही. समुपदेशिकेच्या कामाबद्दल सहज विचारतेय असं दाखवलं.

“मुलगी चांगली आहे, पण फार हळवी,” ते म्हणाले. “मला मधूनच शंका येते, कागदपत्रात काही गडबड करते की काय. तुम्हाला काही आढळलं असेल तर सांगा. उद्याच्या उद्या काढून टाकू.”

मी तक्रार केली नव्हती, तरी ते तिला काढायला तयार होते.

“त्या चौकटीत लोक सांगतात ते ऐकायला तुम्ही कधी बसलात?”

“मला कुठे वेळ, बाई? आणि त्यात ऐकायचं काय? पेशंट बोलतो, ती लिहिते. पत्र पूर्ण असलं की झालं.”

“गवंडी आठवतो?”

“महिन्याला वीस अंगठेबहाद्दर येतात. चेहरे कुठे लक्षात ठेवणार!”

घरी येऊन मी कपाटातून माझा गठ्ठा काढला. नवं पत्र मंजूर होण्याआधी आम्ही ते तीस जणांवर वापरून पाहिलं होतं. समोर बसायची समुपदेशिका, मागे मी. त्या तीस चौकटी मी जेवायच्या टेबलावर मांडल्या. एक आजीबाई म्हणाल्या होत्या, ‘डॉक्टर माझ्या नावाची सोडत काढणार आणि निघालं तर मला बरं करणार.’ एक ड्रायव्हर म्हणाला होता, ‘गोळी घेतल्यावर दुखणारच नाही, मग दुखण्याची गोळी कशाला घेऊ?’ एकानं सगळं समजून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘पण सोडली तर डॉक्टर रागावतील ना?’ मी नियमच केला होता: चुकलेलं आधी लिहायचं, खोडायचं नाही, पुन्हा समजावायचं आणि मग पुढचं लिहायचं. तीसच्या तीस चौकटींत आधी चूक होती. चांगला शिकलेला हिशेबनीससुद्धा पहिल्या फटक्यात बरोबर सांगू शकला नव्हता.

आणि ज्याच्या घरी त्या कागदांतलं कुणालाच काही कळलं नव्हतं, तो गवंडी एका दमात, ओळीनं, ‘शौचाला काळं झाल्यास’ म्हणाला?

ही चौकट अशा माणसानं सांगितली होती, ज्यानं असं सांगताना कुणाला कधी ऐकलेलंच नाही. समुपदेशिकेनं तर तीसही जणांना ऐकलं होतं. तिला खोटी चौकट लिहायची असती तर तिनं आधी एक झकास चूक घातली असती. अक्षर तिचं होतं, पण शब्द दुसऱ्या कुणाचे तरी होते.

५

संमती घ्यायची खोली म्हणजे दोन खुर्च्या, एक पंखा आणि खिडकीत सुकलेली कुंडी. समुपदेशिका मला बघूनही उठली नाही, बसूनच राहिली.

“काकू, फार उशीर केलात,” ती म्हणाली.

“सहा तारखेला काय झालं?”

“बाहेर सहा जण थांबले होते. डॉक्टर म्हणाले, माणशी पंधरा मिनिटं. नवी पत्रं मागितली, तर स्टोअरनं दिली नाहीत. एकोणीस पानं पंधरा मिनिटांत कशी सांगू? मथळे वाचले. गवंडीमामा मान हलवत होते. चौदावं पान मी उलटलं, वाचलं नाही.”

“म्हणजे त्यांना सांगितलंच नाही.”

“नाही, काकू.” तिनं तोंडावर हात ठेवला. “ते गेले त्याच दिवशी बाकीच्या एकोणीस जणांना मी स्वतः फोन केले. दुखण्याची गोळी घेऊ नका म्हणून प्रत्येकाकडून वदवून घेतलं. मग डॉक्टरांकडे गेले. वाटलं, ते आता सगळं थांबवतील. ते म्हणाले, नवं पत्र मंजूर असताना जुनं वापरलं हे कळलं तर चाचणी बंद पडेल, पाच वर्षांचं काम जाईल. जुना कागद फाडला, मला नवा आणायला लावला आणि घरची प्रतही मागवून घेतली.”

“चौकट?”

“त्यांनी सांगितली, मी लिहिली.”

“आणि अंगठा?”

ती एकदम ताठ झाली. “तो मी दिला नाही. म्हटलं, लिहिते, पण अंगठा देणार नाही. ते हसले. म्हणाले, अगं, अंगठा म्हणजे अंगठा, कोण बघतंय? आणि शाईच्या डबीत स्वतःचाच बुडवला.”

मला ती आडवी पांढरी रेषा आठवली. कागदाची घडी नव्हती ती. तीन टाके होते.

“चौकट लिहिताना मनात आलं होतं,” ती हळूच म्हणाली, “आधी एक चूक घालावी. म्हणजे खरी वाटेल. नाही घातली.”

“का?”

“तुम्ही वाचणार होतात म्हणून.”

मी तिला जवळ घेतलं असतं, पण मला तिचा रागही आला होता. “अगं, तोंड होतं ना तुला? तुझं कोडं मी सोडवीपर्यंत त्या पोरीनं अन्न सोडलं! त्या घरात जाऊन रडलीस आणि तिच्यासमोरून तो गठ्ठा उचलून आणलास!”

ती बराच वेळ रडत राहिली आणि मी पंख्याकडे बघत बसले. माझं तरी तोंड कुठे उघडलं होतं त्या बैठकीत?

“उद्या समितीपुढे हे सगळं सांगशील?” मी विचारलं.

“सांगते,” ती म्हणाली. “नोकरी जाईल ना?”

“जाईल बहुतेक.”

तिनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची तातडीची बैठक झाली. समुपदेशिकेनं सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. स्टोअरकीपर रजिस्टर छातीशी धरून दारात उभा होता. डॉक्टर शांतपणे ऐकत होते.

“मुलीला ताण आलाय,” ते म्हणाले. “स्वतःची चूक माझ्यावर ढकलतेय. पुरावा काय?”

मी पर्समधून शाईची डबी काढली आणि कोऱ्या कागदासकट त्यांच्यापुढे ठेवली. “नव्या सदस्यांना दाखवता तो अंगठा जरा इथे टेकवा.”

ते हसले. आधी वकिलांकडे बघितलं, मग समितीतल्या तिन्ही डॉक्टरांकडे. कुणीच हसेना तेव्हा त्यांनी हात हळूहळू टेबलाखाली नेला. वकिलांनी चष्मा पुसला, गवंड्याचा कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “डॉक्टर, हात वर घ्या.”

चाचणी त्याच दिवशी थांबली. पुढे चौकशी झाली, पोलिसही आले, पण ते सगळं रखडत चालायचं तसं चाललं आहे. मला घाई होती ती दुसऱ्याच कामाची.

दुपारी मी गवंड्याच्या घरी गेले. मुकादम तिथेच भिंतीशी होती. तिच्यासमोर फरशीवर बसून मी सगळं सांगितलं: जुने गठ्ठे, तळघर, न वाचलेलं पान, दुसऱ्याचा अंगठा. तिनं ऐकलं. मग मी पिशवीतून कोरा कागद काढला.

“आता तू सांग. तुझ्या शब्दांत.”

“मी गोळी दिली आणि बाबा गेले.”

मी ते तसंच लिहिलं. “पुन्हा सांग.”

“मी पुढची पानं वाचली असती, तर बाबा वाचले असते.”

तेही लिहिलं. मग स्टोअरमधून आणलेलं जुनं चौदावं पान तिच्या हातात दिलं. “मोठ्यानं वाच.”

तिनं वाचलं. सहवर्ती, वर्ज्य, समजण्यात यावे. दोनदा अडखळली.

“काय कळलं?”

“काही नाही.”

“मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं, बाळा. आणि माझं तर पोटच असल्या कागदांवर भरलं.” मी नवं पान तिच्यापुढे ठेवलं. “हे तुमच्या घरी यायला हवं होतं.”

तिनं ते वाचलं. पाकिटाच्या चित्रावरच्या फुलीवरून बोट फिरवलं. मग पहिल्यांदाच मान वर करून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं.

“हे मी तिथं चिकटवलं असतं,” ती म्हणाली. “एकदम वर. आणि गुडघा दुखला असता ना, तर त्यांना ओरडले असते, गप पडून राहा म्हणून. गोळी दिली नसती. आजी, मी नसती दिली.” आणि मग तिला हुंदका आला, इतका मोठा की स्वयंपाकघरातून आई धावत आली. “आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ना त्यांना, ना मला.”

मी शब्द न् शब्द लिहिला. मला अक्षर धड दिसत नव्हतं, तरी लिहिला.

रडून झाल्यावर तिनं कागद ओढून घेतला आणि वाचला. “वरच्या दोन ओळी खोडू?”

“नाही. चुकलेलं खोडायचं नाही, नियम आहे. राहू दे ते वर, आणि हे खाली.”

तिनं खालची ओळ पुन्हा एकदा ओठांतल्या ओठांत वाचली. कागदाची घडी घालून मुठीत धरली आणि आईला विचारलं, घरात खायला काही आहे का.